हाल झालेले घोडे: सुटका, शुश्रूषा आणि नवं घर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडा गाडीतून उतरला की फोटो काढले जातात, टाळ्या पडतात आणि लोक घरी जातात. पुढचे सहा महिने त्याच्याजवळ राहणाऱ्यांचं बरंचसं काम हात आवरण्याचं असतं: चारा बेतानं, औषध थांबून, खोगीर तर खुंटीवरच. खालचे प्रश्न आमच्या घोड्यांच्या सुटका-केंद्राकडे फोनवर, तबेल्याच्या दारात आणि अपरात्रीच्या मेसेजमधून आलेले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या समोरच्या घोड्याबद्दल शेवटचा शब्द त्याला हात लावून तपासणाऱ्या पशुवैद्याचा.

हाडकुळा घोडा दिसला म्हणजे त्याची हेळसांडच होते आहे, असं समजायचं का?

नाही. म्हातारा घोडा, आजारी घोडा, अंगावर पिणारं शिंगरू असलेली घोडी, दात दुखणारा घोडा हे सगळेच रोडावतात, आणि त्यांचे मालक कधीकधी डॉक्टरांचे उंबरे झिजवत असतात. सुटका करून आणलेले घोडे सांभाळणाऱ्यांच्याच नावानं तक्रारी होतात, कारण गेल्या आठवड्यात आलेल्या घोड्याच्या बरगड्या रस्त्यावरून मोजता येतात.

म्हणून बरगड्यांपाशी थांबू नका. पाण्याचं भांडं भरलेलं आहे की तळाला नुसतं शेवाळ? चारा दिसतो आहे की घोडा झाडाची साल आणि स्वतःची लीद खातो आहे? खूर वाढून वाकडे झालेत का? मोरखीकडे, म्हणजे तोंडावर बांधलेल्या साजाकडे, नीट बघा. शिंगरू असताना घातलेली मोरखी नंतर कुणी सैल केली नसेल, तर ती नाकाच्या हाडावर कातडीत रुतते, केस जातात आणि पुढे वरून मांस धरतं. अशी मोरखी म्हणजे महिनोन्महिने कुणी त्या तोंडाला हात लावलेला नाही याचा पुरावा. आणखी एक ठोकताळा: एकाच आवारात एकच घोडा रोड असेल तर बहुधा आजार, सगळेच रोड असतील तर बहुधा चाऱ्याचा प्रश्न.

डॉक्टर ‘स्कोअर दोन’ वगैरे म्हणतात, ते काय असतं?

टेक्सास ए अँड एम विद्यापीठात काम करणाऱ्या डॉन हेनेके यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. मान, मानेच्या बुडाशी असलेला उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ अशा सहा ठिकाणी चरबी किती आहे ते बघून आणि चाचपून १ ते ९ मध्ये गुण द्यायचे. १ म्हणजे हाडांवर ताणलेलं कातडं, ९ म्हणजे चरबीचे गोळे. ५ च्या घोड्याच्या बरगड्या दिसत नाहीत, पण हाताला सहज लागतात. कोर्टकचेरीत ‘फार बारीक होता हो’ यापेक्षा असा लिहिलेला गुण जास्त टिकतो.

हात मात्र लावायलाच हवा. थंडीत वाढलेल्या दाट केसांखाली स्कोअर दोनचा घोडा गुबगुबीत दिसतो. जंतांनी फुगलेलं पोट बघून ‘खाऊनपिऊन आहे की’ म्हणणारेही भेटतात.

मग मी त्याला सोडवून घेऊन येऊ का?

मालकाच्या संमतीशिवाय नाही. कायद्याच्या नजरेत ती चोरी ठरू शकते, आणि तुमच्यामुळे खटला बिघडला तर घोडा त्याच मालकाकडे परत जातो. दिसलं ते नोंदवा: तारीख, वेळ, सार्वजनिक जागेवरून काढलेले फोटो, शक्य असेल तर आठवडाभराच्या अंतरानं पुन्हा तेच कोन. मग प्राणी-कल्याणाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे किंवा पोलिसांकडे लेखी तक्रार द्या. घोडा आडवा पडला असेल किंवा रक्त वाहत असेल तर मात्र लेखी-बिखी नंतर, आधी फोन.

मालकाशी बोलता येण्यासारखं असेल तर बोला. पुष्कळ प्रकरणांत क्रूरपणा नसतो. मालक आजारी पडलेला असतो, नोकरी गेलेली असते, किंवा मुलीच्या हौसेपायी घेतलेला घोडा मुलगी शिकायला बाहेर गेल्यावर मागे उरलेला असतो. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो, हा हिशेब घेताना कुणी केलेलाच नसतो. अशा माणसाला ‘आम्ही घेऊन जातो, तुमच्यावर बोट उठणार नाही’ एवढं ऐकायला मिळालं तर तो त्याच दिवशी सही करून देतो.

कुंपणावरून पाव, भाजी, धान्य टाकू नका. कारण पुढे येतंच आहे.

व्यापारी म्हणतो, ‘पैसे द्या नाहीतर कत्तलखान्यात जाईल.’ विकत घेऊन वाचवावा का?

याबद्दल आमच्यातही वाद होतात. माझं मत विरोधात आहे. त्या एका घोड्याचं भलं होतं यात शंका नाही, पण मरतुकड्या घोड्यालाही भाव मिळतो हे व्यापाऱ्याला कळतं आणि पुढच्या आठवड्यात त्याच खुंटीला दुसरा बांधलेला असतो. इंटरनेटवर ‘फक्त उद्यापर्यंत मुदत’ म्हणून पैसे गोळा करणारे बरेचदा हाच धंदा करत असतात. तरीही कुणी घेतलाच, तर पावती घ्या, आणि त्याच पैशात पुढच्या वर्षभराचा डॉक्टर आणि चारा भागणार नाही हे लक्षात ठेवा. घोड्याच्या खर्चात खरेदीचा वाटा सगळ्यात लहान असतो.

उपाशी घोड्याला आल्याआल्या पोटभर चंदी (दाणा) का द्यायची नाही?

कारण त्यानं तो मरू शकतो. या सगळ्या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल, तर हे वाचा.

उपाशी शरीर आधी चरबी जाळतं, मग स्नायू. हृदयही स्नायूच आहे. या काळात पेशींमधला फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचा साठा आटत जातो, पण रक्तातली पातळी वरवर ठीक दिसत राहते. अशा घोड्यापुढे दाणा ठेवला की त्यातल्या पिष्टाची साखर होते, साखरेमागे इन्सुलिन वाढतं आणि ते रक्तातली ही खनिजं भराभर पेशींत ओढून नेतं. रक्तात ती एकाएकी कोसळतात. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वास अपुरा पडतो, झटके येतात. हे पहिल्याच दिवशी होत नाही. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, म्हणजे ‘आता सुधारतोय’ असं सगळे म्हणत असताना होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेल्या माणसांच्या बाबतीत डॉक्टरांनी हाच प्रकार पाहिला होता.

याखेरीज, घोड्याला उलटी करता येत नाही. एकदम पोटात गेलेला दाणा पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो आणि पोटशूळ किंवा खुरांची सूज, म्हणजे लॅमिनायटिस, ओढवून घेतो. मायेपोटी दिलेली घमेलंभर चंदी अशी तिन्ही बाजूंनी अंगाशी येते.

मग पहिले दहा दिवस नेमकं काय द्यायचं?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक विभागात १९९० च्या दशकात उपासमार झालेल्या घोड्यांवर वेगवेगळे आहार देऊन पाहिले गेले. त्यात वाळवलेला, भरपूर पानांचा लसूणघास (अल्फाल्फा) सरस ठरला. त्यात प्रथिनं चांगली असतात, पिष्ट कमी आणि फॉस्फरस, मॅग्नेशियम बऱ्यापैकी. तिथून पुढे आलेला आणि आजही वापरात असलेला क्रम असा: पहिले तीन दिवस दर चार तासांनी सुमारे अर्धा किलो, म्हणजे दिवसरात्र मिळून सहा वेळा. चौथ्या ते दहाव्या दिवसापर्यंत दर खेपेचं प्रमाण हळूहळू वाढवत, खेपा कमी करत, दर आठ तासांनी सुमारे दोन किलोपर्यंत यायचं. दहा दिवसांनंतर सगळं सुरळीत असेल तर त्याला हवा तितका चारा. दाणा त्यानंतरही बरेच आठवडे नाही. हे माप मध्यम बांध्याच्या घोड्याचं आहे. लहान तट्टाला डॉक्टर कमी करून देतील.

अर्धा किलो वाळला चारा म्हणजे दोन हातांत मावेल एवढी पेंढी. घोडा ती काही मिनिटांत संपवतो आणि मग दाराशी येऊन पायानं जमीन उकरत तुमच्याकडे बघत राहतो. रात्री दोनच्या खेपेला हे बघणं फार जड जातं, आणि ‘एक मूठ जास्त दिली तर काय होतंय’ हा विचार नेमका तेव्हाच येतो. आम्ही प्रत्येक खेप वजन करून आधीच पिशव्यांत भरून ठेवतो आणि बाकीचा चारा कुलुपात. ज्याची रात्रपाळी असेल त्याच्याकडे किल्ली नसते.

लसूणघास मिळत नसेल तर चांगलं वाळलेलं गवत चालतं, फक्त खेपा लहान आणि जवळजवळ ठेवा. गूळ, भिजवलेलं धान्य, ‘ताकदीचं’ गोड खाद्य यातलं काही नको.

पाण्याचं काय?

स्वच्छ, फार थंड नसलेलं पाणी कायम समोर हवं. निरोगी घोडा दिवसाला साधारण २० ते ४० लिटर पितो, उन्हाळ्यात किंवा घोडी दूध देत असेल तर त्याहून जास्त. फार तहानलेला आला असेल तर पहिल्या काही तासांत थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्या. क्षारांचं पाणी द्यायचं तर शेजारी साध्या पाण्याची बादलीही ठेवा. बादली मोजून भरा, म्हणजे किती प्यायला ते कळतं.

गाढवांनाही हेच लागू पडतं का?

बरंचसं, पण गाढव खाणं सोडून देतं तेव्हा धोका वेगळा असतो. अंगातली चरबी एकदम रक्तात उतरते आणि यकृत निकामी होऊ शकतं. छोट्या तट्टांनाही हे होतं, आणि लठ्ठ जनावराला अधिक. खाणं थांबलेल्या गाढवासाठी उद्याची वाट बघू नका. गाढव दुखणं चेहऱ्यावर दाखवत नाही, म्हणून ते ‘नुसतं मलूल’ दिसलं तरी डॉक्टरांना बोलवा.

घोडा खाली बसला आहे, उठतच नाही. काय करू?

डॉक्टर येईपर्यंत त्याला छातीवर, पाय पोटाखाली घेऊन बसलेल्या स्थितीत ठेवायचा प्रयत्न करा. दोन्ही बाजूंना गवताचे गठ्ठे लावून टेकू देता येतो. तो एका कुशीवर पडून राहिला तर खालच्या बाजूचे स्नायू स्वतःच्याच वजनानं चिरडतात, म्हणून दर दोन ते चार तासांनी कूस बदलावी लागते. त्याला निदान चार माणसं लागतात. पायांच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. खाली जाड, कोरडं अंथरूण, डोळ्यांवर सावली, डोळ्यात माती जाणार नाही अशी डोक्याखाली घडी. शेपटी धरून ओढणं आणि चाबूक मारून उठवणं दोन्ही बंद.

नव्या घोड्याला बाकीच्यांपासून वेगळं ठेवायलाच हवं का? एकटा बिचारा…

हवंच, किमान तीन आठवडे. सगळ्यात मोठी भीती स्ट्रँगल्सची. या जिवाणूजन्य आजारात जबड्याखालच्या गाठी सुजून फुटतात, नाकातून पू येतो आणि अख्खी पागा महिनाभर बंद पडते. काही घोडे बरे झाल्यावरही कानामागच्या पोकळ्यांमध्ये जंतू बाळगून असतात, वरून अगदी ठणठणीत. घोड्याकडून माणसाला होऊ शकणाऱ्या ग्लँडर्सचीही, जिथे तो आढळतो तिथे, तपासणी करून घ्यावी.

रोज दोनदा ताप बघा आणि लिहून ठेवा. ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस ठीक. स्ट्रँगल्समध्ये ताप आधी चढतो आणि नाक एक-दोन दिवसांनी वाहू लागतं, म्हणजे थर्मामीटर वेळेवर लावलात तर बाकीचे वाचतात. बादल्या, खराऱ्याचे ब्रश, फावडं वेगळं. नवा घोडा शेवटी हाताळायचा, मग हात धुऊन थेट घरी.

एकटेपणाचा मुद्दा मात्र खरा आहे. घोडा कळपातला प्राणी, एकटा राहिला की खात नाही. थोड्या अंतरावरून दुसरे घोडे दिसतील अशी जागा द्या. नाकाला नाक लागू देऊ नका, एवढंच.

जंताचं औषध पहिल्याच दिवशी द्यायचं ना?

थांबा. लीद तपासून अंडी किती आहेत ते बघितल्यावर, तो जरा सावरल्यावर, डॉक्टर सांगतील ते औषध. अशक्त घोड्याच्या आतड्यात गोल जंतांचा गुंता असेल आणि सगळे एकदम मेले, तर आतडं तुंबू शकतं, शिंगरांत विशेषतः. मॉक्सिडेक्टिन हे औषध अंगातल्या चरबीत साठून हळूहळू सुटतं. ज्याच्या अंगावर चरबीच नाही त्याला ते अपाय करू शकतं. ‘घोड्याचं म्हणून आणलं’ एवढ्यावर ट्यूब तोंडात घालू नका.

धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र थांबवायचं नाही. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो आणि हाल झालेल्या घोड्याला कुठेतरी जखम असतेच, बरेचदा तळव्यात, न दिसणारी.

भरपूर खातो, तरी अंगाला लागत नाही. का?

जिथे तो खातो तिथली जमीन बघा. हिरवट, ओल्या, वळलेल्या गोळ्या पडलेल्या आहेत का? घास तोंडात घेऊन, चावायचा प्रयत्न करून त्यानं टाकून दिलेला असतो. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि चावताना झिजतात. झीज असमान झाली की वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्या दाढांना आतून धारदार कंगोरे येतात आणि गाल, जीभ कापली जाते. दंतकाम जाणणारा डॉक्टर भूल देऊन ते घासून देतो. आठवड्याभरात घोडा त्याच चाऱ्यावर भरायला लागलेला दिसतो.

दात पडून गेलेल्या म्हाताऱ्याला गवताचे दाबलेले तुकडे भिजवून लापशी करून द्या. तो त्यावर वर्षानुवर्षं मजेत काढतो.

खूर इतके वाढलेत की चपलेसारखे वर वळलेत. एकदाच कापून टाकले तर?

नालबंद चांगला असेल तर तोच ‘एकदाच’ला नकार देईल. इतक्या दिवसांत हाडं, सांधे आणि पायामागच्या शिरा त्या वेड्यावाकड्या कोनाला सरावलेल्या असतात. सगळं एका बैठकीत काढलं की ताण भलतीकडे जातो आणि कालपर्यंत कसाबसा चालणारा घोडा आज पाऊल टेकत नाही. टप्प्याटप्प्यानं, चार-सहा आठवड्यांच्या अंतरानं कापतात, आणि आतलं हाड फिरलं असल्याची शंका असेल तर आधी एक्स-रे. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. पुढच्या टोकाला पूर्ण नवा खूर यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. ‘नवे नाल कधी ठोकायचे’ हा प्रश्न त्यामुळे पहिल्या वर्षी सहसा येतच नाही.

पाय उचलून घ्यायची सवय नसलेल्या घोड्याला आधी ती लावा. नालबंदाचं कंबरडं मोडून घोडा शहाणा होत नाही.

भरायला किती दिवस लागतील? वजन कसं मोजायचं?

दहा-बारा दिवसांत डोळ्यांत आणि कानांत फरक दिसतो. वजन पूर्वपदावर यायला साधारण तीन ते पाच महिने, स्नायू भरायला त्याहून जास्त. काटा नसेल तर टेप पुरते. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १५० आणि लांबी १५० आली तर वजन साधारण २८४ किलो. हाडकुळ्या घोड्यात हा आकडा थोडा चुकतो, म्हणून एकट्या आकड्यापेक्षा दर पंधरवड्याचा चढ बघा. दर रविवारी त्याच भिंतीसमोर फोटोही काढा. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही, आणि न्यायालयाला पुढे तेच फोटो लागतात.

आणला तेव्हा गाईसारखा गरीब होता. आता चावतो, लाथ उगारतो. आम्ही लाडावून ठेवला का?

तो गरीब नव्हता, त्याच्यात त्राण नव्हतं. आता अंगात रग आली आहे आणि तुम्हाला खरा घोडा पहिल्यांदा भेटतो आहे. हे जवळपास सगळ्यांच्या बाबतीत होतं, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, आणि नेमक्या याच टप्प्यावर लोक त्याला ‘नालायक’ ठरवून परत पाठवतात.

आधी दुखणं शोधा. खोगिराखालची जुनी जखम, जठरातले व्रण, दात, खूर. खरारा करताना पोटाच्या एकाच जागी तो दर वेळी कान मागे घेतो, हे लक्षात आलं तर ती तक्रार आहे, खोड नाही. मग खाण्याच्या वेळा बघा. ज्यानं उपासमार सोसली आहे तो तोबऱ्याचं रक्षण करतो. त्याच्याशी ‘मी मालक’ हा खेळ खेळू नका. तो आत यायच्या आधीच चारा मांडून ठेवा, दोन घोड्यांमध्ये अंतर ठेवा आणि घोड्यांच्या संख्येपेक्षा एक ढीग जास्त टाका. समोर सतत काहीतरी चघळायला आहे याची खात्री पटली की बहुतेकांचा हा राग आपोआप ओसरतो, पण त्याला महिने लागतात.

जागच्या जागी डुलणं, कठडा दातांत धरून हवा गिळणं या सवयी कोंडून, चाऱ्याविना, सोबतीविना ठेवल्यानं लागतात. गळ्याला पट्टा आवळून त्या थांबवता येतात, त्यामागचा त्रास तसाच राहतो. कठडा गेला तरी चालेल, घोडा मोकळा सोडा. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं याचं एकच उत्तर आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं: न फिरवल्यामुळे.

जवळच येऊ देत नाही. पकडायचा कसा?

पकडायला जाऊच नका. वाड्यात जा, लीद उचला, खाली बसा, फोनवर बोला, निघून या. घोड्याला जवळजवळ चारी बाजूंचं दिसतं, पण अगदी नाकासमोर आणि थेट शेपटीमागे अंधार असतो. म्हणून खांद्याच्या दिशेनं, तिरपं, वेळ काढत जा. तो जायच्या बेतात आहे असं दिसलं – मान ताठ, एक कान तुमच्यावर, पुढचा पाय हलका – की तुम्हीच एक पाऊल मागे या. दबाव सुटला हे बक्षीस त्याला गाजरापेक्षा लवकर कळतं. पहिला स्पर्श मानेच्या बुडाशी, घोडे एकमेकांना जिथे खाजवतात तिथे. तोंडाकडे हात सगळ्यात शेवटी.

दोरीचा फास टाकून, चार जणांनी धरून मोरखी घालता येते आणि जीव वाचवायचा असेल तेव्हा घालावीही लागते. मात्र त्यानंतर शिकवणी शून्याच्याही खालून सुरू होते.

घोडी गाभण निघाली तर?

आश्चर्य वाटू नये. नर-मादी एकत्र सोडलेल्या कळपातून आलेली प्रत्येक घोडी गाभण असू शकते असं धरूनच चाला आणि तपासून घ्या. घोडीचे दिवस साधारण अकरा महिन्यांचे. उपाशी घोडीच्या बाबतीत आहार वाढवण्याचा वेग डॉक्टरच ठरवतील. शिंगरू जन्मलं की पहिल्या काही तासांत, सहा ते बारा तासांच्या आत, त्याच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. दिवसभरानंतर त्याचं आतडं चिकातली प्रतिकारशक्ती शोषून घेत नाही. नर घोडे तब्येत सावरल्यावर खच्ची करतात. त्यानंतरही काही आठवडे त्यांना माद्यांमध्ये सोडायचं नाही.

त्याच्यावर बसता कधी येईल?

कदाचित कधीच नाही, आणि हे आधी मान्य असेल तरच पुढचं वाचा. स्कोअर पाचाच्या आसपास आणि पाठीचा कणा दोन्ही बाजूंनी मांसानं भरलेला असेल, खूर आणि दात मार्गी लागले असतील, तर आधी काही आठवडे हातात धरून चालवणं, चढउतारावर नेणं, मग रिकामं खोगीर. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं, असा एक सर्वसाधारण संकेत आहे. सुरुवातीला त्याच्याही बरंच खाली राहा.

प्रत्येकाला वाचवता येतं का?

नाही. निम्म्याच्या आसपास वजन गमावलेला आणि तीन दिवसांहून अधिक काळ उठू न शकलेला घोडा वाचण्याची आशा फार कमी असते. मोडलेले सांधे, तळव्यातून खाली आलेलं हाड, औषधांना न जुमानणारी वेदना असेल तर त्याला शांतपणे निरोप देणं हाही सुटकेचाच भाग आहे.

डोरोथी ब्रूक १९३० मध्ये कैरोला पोहोचल्या, तेव्हा पहिल्या महायुद्धात राबलेले आणि युद्धानंतर तिथेच विकून टाकलेले घोडे गाड्यांना जुंपलेले त्यांना दिसले. त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून पैसा उभा केला आणि सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. त्यातले बहुतेक इतके खंगलेले होते की चांगलं खाऊ घालून, थोडा विसावा देऊन त्यांना दयामरण द्यावं लागलं. पुढे १९३४ मध्ये त्यांनी तिथे कष्टकरी जनावरांसाठी मोफत दवाखाना सुरू केला, त्याचीच आजची ब्रूक संस्था. ‘मारलेत म्हणजे वाचवलं कुठे?’ असं आम्हाला विचारणाऱ्यांनी ते पाच हजार घोडे आठवावेत.

नवं घर देताना काय बघता?

घोड्याला जागा, निवारा, दुसऱ्या घोड्याची किंवा गाढवाची सोबत, जवळ नालबंद आणि डॉक्टर. घरी येऊन बघतो, फोटोवर भागवत नाही. कुंपणाला काटेरी तार आहे का, पाणी उन्हाळ्यातही पुरतं का, आणि सध्या असलेल्या जनावरांचे खूर कसे आहेत. हे शेवटचं सगळ्यात जास्त सांगून जातं.

मग माणूस. ‘मला घोड्यांचं वेड आहे’ यानं काही कळत नाही. मागचा घोडा कुठे गेला, हे विचारलं की कळतं. आपण गावाला गेल्यावर खरारा आणि चारा कोण करणार, उद्या पाय मोडून पडलात तर काय, या प्रश्नांवर चिडणाऱ्यांना आम्ही घोडा दिलेला नाही. त्यानंतर तीन-चार वेळा येऊन त्याच घोड्याची लीद काढायची, पाय उचलायचे, गाडीत चढवायचा. घोड्याची खोड असेल ती आम्ही लपवत नाही, आणि ‘फक्त सोबतीसाठी, स्वारीला नाही’ असं कागदावर लिहिलं असेल तर त्याचा अर्थ तेवढाच असतो.

करारात चार गोष्टी कायम: विकायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही, पैदास करायची नाही, आणि नको झाला तर कोणत्याही वयात, कोणत्याही कारणानं आमच्याकडेच परत. घोड्याला मायक्रोचिप असते आणि आम्ही न सांगता भेट देऊ शकतो.

शुल्क का घेता? घर हवं आहे ना त्याला?

फुकट घोडा मागणारा कधीकधी तो पुढच्या आठवड्यात विकणारा असतो. शुल्कातून आमचा एका घोड्यावरचा खर्च कधीच निघत नाही.

परत आणून दिला तर तुम्ही रागावता का?

नाही. घोडा विकून, आमचा फोन उचलणं बंद केलेला माणूस आणि ‘जमत नाही हो’ म्हणून स्वतः गाडी करून घेऊन आलेला माणूस यांत आम्ही दुसऱ्याला चहा पाजतो. पुष्कळदा त्या घोड्याला दुसरं घर नीट लागतं, कारण पहिल्या घरात काय बिनसलं ते आता ठाऊक असतं.

मलाही असं केंद्र सुरू करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

आधी किमान वर्षभर दुसऱ्याच्या तबेल्यात राबा, त्यात एक पावसाळा किंवा हिवाळा यायलाच हवा. मग कागदावर आकडा लिहा: माझ्याकडे किती घोडे मावतात. जमिनीच्या हिशेबानं लिहू नका. तुम्ही आठवडाभर तापानं झोपलात तर मदतनीस एकटा किती सांभाळेल, तो आकडा. त्याच्या पुढचा घोडा, मग तो कितीही केविलवाणा असो, घ्यायचा नाही.

हे म्हणायला सोपं आहे. फोनवर पलीकडचा माणूस रडत असतो. पण हेळसांडीची जी प्रकरणं समोर येतात, त्यात कधीकाळी चांगल्या हेतूनं सुरू झालेली केंद्रंही असतात. नाही म्हणता आलं नाही, वीसचे चाळीस झाले, चारा पुरेना, नालबंदाची उधारी थकली, आणि शेवटी दुसऱ्यांना येऊन त्यांच्याच घोड्यांची सुटका करावी लागली. नाही म्हणताना दुसऱ्या केंद्राचा नंबर द्या, डॉक्टर सुचवा, पडून असलेला चारा द्या. पुष्कळदा मालकाला दोन महिन्यांचा चारा मिळाला की घोडा सोडून द्यायची वेळच येत नाही, आणि ही मदत एका सुटकेच्या खर्चाच्या मानानं किती तरी स्वस्त पडते.

घोडा ठेवणं शक्य नाही, पण मदत करायची आहे. काय करू?

वाळला चारा ठेवायला कोरडी जागा, घोडे वाहून नेणारी गाडी आणि ती चालवता येणारा माणूस, हिशेब लिहिणारा, चांगले फोटो काढणारा, या चौघांची आम्हाला नेहमी चणचण असते. हाताला काम हवं असेल तर सकाळी लवकर या, येण्याआधी फोन करा, बोटं झाकणारे मजबूत बूट घाला. दुसऱ्या घोड्यांना हात लावून थेट इकडे येऊ नका. खिशात साखर किंवा गाजर आणू नका, नवीन आलेल्यांपैकी कुणाचा कितवा दिवस चालू आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं.